दीड दिवसाचा गणपती, श्टुटगार्ट : प्रकल्पाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

गेल्या वर्षी मी टपालाने मागवलेली गणपतीची मूर्ती सोंडेपाशी तुटून आली. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही, आणि दुसरी मिळवायला हाताशी एकच दिवस होता; त्यामुळे पाटावर तांदळाची रास घालून मी सुपारीचा गणपती मांडला. पूजा यथासांग झाली, परंतु आरतीच्या वेळी डोळे जिथे टेकवायचे तिथे ते टेकले नाहीत, आणि ती रुखरुख वर्षभर माझ्यासोबत राहिली. या वर्षीही साताऱ्याला जाणे शक्य नाही, कारण आजीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जानेवारीत मी बरीचशी रजा वापरली. म्हणून आजपासून ही वही सुरू करते आहे. मूर्ती स्वतःच्या हाताने मातीची घडवायची, तिथी इथल्या सूर्योदयावरून काढायची, पत्री, दूर्वा, मोदक आणि विसर्जन यांची सोय इथले नियम पाळून करायची, आणि जे जमले व जे फसले ते दोन्ही लिहून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागणार नाही.

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या बाड कानश्टाट या भागात एका खोलीत राहते. हे शहर आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. पण गणेश चतुर्थीला इथे सुट्टी नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात वर्षाला बारा सार्वजनिक सुट्ट्या असतात आणि त्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती सणांच्या आहेत. तेव्हा पहिले काम ड्युटीच्या वेळापत्रकाचे, आणि त्यासाठी नेमकी तारीख आधी ठरायला हवी.

१४ जून, शनिवार

तारखेचे काम सोपे असेल असे वाटले होते, पण आजची सगळी दुपार त्यातच गेली.

दिनदर्शिकेत गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आहे. चतुर्थी भारतीय वेळेनुसार २६ तारखेला दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी सुरू होते आणि २७ ला दुपारी ३ वाजून ४४ मिनिटांनी संपते. या व्रताचा निर्णय सूर्योदयाच्या तिथीवरून होत नाही, तर ज्या दिवशी मध्यान्हकाळी चतुर्थी असेल तो दिवस घेतात. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे पाच सारखे भाग केले की तिसरा भाग मध्यान्हकाळ होतो. साताऱ्याला २६ तारखेचा हा भाग दुपारी दोनच्या आतच संपतो, म्हणजे चतुर्थी लागते तेव्हा मध्यान्ह जवळपास सरलेला असतो. म्हणून तिथे २७ तारीख.

इथे उन्हाळ्यात घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते. त्यामुळे श्टुटगार्टला चतुर्थी २६ च्या सकाळी १० वाजून २४ मिनिटांनी लागते आणि २७ ला दुपारी १२ वाजून १४ मिनिटांनी संपते. ऑगस्टच्या अखेरीस इथला दिवस पावणेचौदा तासांचा असतो. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास आणि सूर्यास्त सव्वाआठनंतर. या हिशोबाने मध्यान्हकाळ दुपारी बाराच्या ठोक्यापासून साधारण पावणेतीनपर्यंत येतो. २६ तारखेला हा सगळा काळ चतुर्थीने व्यापलेला आहे, आणि २७ ला चतुर्थीच्या वाट्याला मध्यान्हातली जेमतेम दहाबारा मिनिटे येतात. नियमाने इथली गणेश चतुर्थी २६ ऑगस्टला, मंगळवारी ठरते.

मी हा हिशोब तीनदा केला. घरच्यापेक्षा एक दिवस आधी गणपती बसवायचा, ही गोष्ट मनाला लगेच पटत नाही.

१५ जून, रविवार

बाबांना फोन केला. ते घरचे पंचांग आणि धर्मसिंधूची पोथी घेऊनच बसले होते. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये हा ग्रंथ रचला, आणि आमच्याकडे सणावारांचे निर्णय अजूनही त्यात पाहिले जातात. बाबांनी माझे आकडे उतरवून घेतले, स्वतः गणित मांडले आणि अर्ध्या तासाने परत फोन करून सांगितले, "तुझे बरोबर आहे. माणूस ज्या गावी पूजा करतो त्या गावचा सूर्य धरायचा. आणि ही चतुर्थी रविवारी किंवा मंगळवारी आली तर ती विशेष प्रशस्त मानतात, तेव्हा मनात किंतु ठेवू नकोस."

आजीला मात्र ते पटेना. "आमच्याकडे हरितालिका चालू असताना तुझ्याकडे गणपती कसा बसेल?" असे तिने दोनदा विचारले. मी तिला सांगितले की मी इथे साडेबारा वाजता प्राणप्रतिष्ठा करेन तेव्हा साताऱ्याला दुपारचे चार वाजलेले असतील आणि तिथेही चतुर्थी लागून दोन तास होऊन गेलेले असतील. तिथी साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते, फक्त त्या क्षणी सूर्य प्रत्येक गावी वेगवेगळ्या ठिकाणी असतो. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या वेळी आमच्याकडेही चतुर्थीच, नुसता मध्यान्ह टळलेला." तिने एका वाक्यात ते जितके नेमके मांडले तितके मला दोन दिवसांत मांडता आले नव्हते.

घरचा गणपती दादाकडे असताना मी वेगळा बसवावा का, हा प्रश्नही निघाला. त्यावर आजीचे उत्तर तयार होते: चूल वेगळी झाली की गणपती वेगळा बसवायला हरकत नाही.

यातून एक गोष्ट आपोआप जमून आली. आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा असतो. मीही दीड दिवसच बसवला, तर २७ च्या सकाळी घरी प्रतिष्ठापना होत असेल तेव्हा माझा गणपतीही पाटावर असेल. ठरले: स्थापना २६ ला दुपारी, उत्तरपूजा २७ ला घरची आरती झाल्यावर.

१८ जून, बुधवार

२६ ऑगस्टची सुट्टी मिळाली आणि २७ ला दुपारपाळी मिळाली. माझी केरळची सहकारी २६ ला माझ्या जागी सकाळपाळी करणार आहे. तिच्या ईदला मी तिची पाळी केली होती. तिची ईद इथल्या मशिदीप्रमाणे ३० मार्चला झाली आणि तिच्या घरी कोझिकोडला ३१ मार्चला, त्यामुळे माझ्या एका दिवसाच्या फरकाचे तिला काही समजावून सांगावे लागले नाही. तिने फक्त एवढेच विचारले की घरच्या दिवशी मला बोलायला वेळ मिळेल ना. तिच्या घरच्या ईदला, ३१ मार्चला, तिला दुपारपाळी होती आणि घरचे सगळे एकत्र जमले तेव्हा फोन कपाटात होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

२५ जून, बुधवार

मातीची खरेदी झाली. कुंभारकामाच्या साहित्याच्या दुकानातून वेस्टरवाल्ड भागातली पांढरी माती आणली, दहा किलोचा एक ठोकळा, सुमारे १४ युरो. या मातीत दोन प्रकार मिळतात. एका प्रकारात भाजलेल्या मातीची भरड मिसळलेली असते, त्यामुळे भांडी तडकत नाहीत. दुसरी नुसती गुळगुळीत असते. मी दुसरी घेतली, कारण बारीक काम करायचे आहे आणि ती पाण्यात पूर्ण विरघळायला हवी आहे. हवेवर वाळून कडक होणारी हस्तकलेची मातीही तिथे होती, पण तिच्यात काय काय मिसळलेले असते ते वेष्टनावर लिहिलेले नव्हते, म्हणून ती ठेवून दिली. पार्थिव गणेश म्हणायचे तर ती निव्वळ पृथ्वीच हवी.

आईने पार्सल पाठवायची तयारी चालवली होती, ती आजच थांबवली. डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात ताज्या वनस्पती आणि त्यांचे भाग आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे पत्री आणि दूर्वा टपालाने येऊ शकत नाहीत. दुधाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणजे घरचे तूप आणि पेढेही बाद. या नियमातून पाच फळे वगळलेली आहेत: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. नारळ, केळी आणि खजूर ही नावे वाचून आईला फार बरे वाटले, जणू कोणी पूजेचे ताट डोळ्यांसमोर ठेवून ती यादी केली होती. ती सगळी इथेही मिळतात, त्यामुळे पाठवायचे काहीच उरले नाही. शेवटी आईने वस्त्रमाळ, जानवे आणि अष्टगंधाची डबी एवढेच पाकिटात घातले.

६ जुलै, रविवार

आज आषाढी एकादशी. उपवास होता आणि दूर्वांची मोहीमही.

दूर्वा या देशात सगळीकडे उगवत नाहीत, पण राईन नदीच्या वरच्या उबदार खोऱ्यात त्या रुजल्या आहेत असे वनस्पतींच्या पुस्तकात वाचले होते. सकाळच्या गाडीने कार्ल्सरूहला गेले. या वर्षी (२०२५) ५८ युरोच्या मासिक तिकिटावर प्रादेशिक गाड्या चालतात, त्यामुळे वेगळा खर्च आला नाही. तीन तास फिरले. ज्या ज्या हिरवळीपाशी वाकले ती ती दुसऱ्याच गवताची निघाली. परत फिरायच्या बेतात असताना एका वाळूच्या पाऊलवाटेच्या कडेला, फरशीच्या फटीतून बाहेर आलेला एक धावता कोंब दिसला. पेरापेरांवर मुळे, टोकाला तीन पाने, मधले पान सरळ आणि बाजूची दोन किंचित झुकलेली. गुडघे टेकून मी ते पान दोन बोटांत धरले. साताऱ्याच्या अंगणात हेच गवत मी लहानपणी खुडत असे, आणि जुडी नीट बांधली नाही म्हणून आजी ती सोडून पुन्हा बांधायला लावत असे.

संरक्षित नसलेली रानवनस्पती स्वतःसाठी मूठभर घ्यायला इथला निसर्गसंरक्षणाचा कायदा परवानगी देतो. मूठभरही घेतली नाही. मुळांसकट चार कोंब ओल्या फडक्यात गुंडाळून आणले आणि संध्याकाळी खिडकीतल्या कुंडीत लावले.

१३ जुलै, रविवार

पहिली मूर्ती घडवली. उंची सोळा सेंटिमीटर, एका हाताच्या वितीपेक्षा थोडी कमी. बैठक आणि पोट भरीव केले, मग डोके बसवले, मग सोंड, कान आणि चार हात. प्रत्येक सांध्यावर काट्याने खाचा पाडायच्या, तिथे दह्याइतक्या पातळ मातीचा घोळ लावायचा आणि मग भाग दाबून बसवायचा, ही पद्धत मी एका कुंभारीण बाईंकडून शिकून घेतली.

चेहरा जमला नाही. डोळे मोठे झाले. पण गणपती आहे हे ओळखू येते.

१९ जुलै, शनिवार

मूर्तीला तडे गेले: सोंड जिथे मुखाला मिळते तिथे एक, आणि दोन्ही कानांच्या मुळाशी. कारण लगेच लक्षात आले. कान पातळ, डोके जाड. पातळ भाग आधी वाळून आकसतो आणि जाड भाग ओला राहून त्याला ओढून धरतो. शिवाय मी ती खिडकीत उन्हाजवळ ठेवली होती, म्हणजे घाई मीच केली. पुढच्या वेळी धड आतून पोकळ करायचे म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहील, आणि मूर्ती प्लास्टिकच्या सैल पिशवीखाली आठ-दहा दिवस सावकाश वाळू द्यायची.

तडकलेल्या मूर्तीवर प्राणप्रतिष्ठा झालेली नव्हती, तेव्हा तिची माती परत मळायला काही अडचण नाही, असे बाबा म्हणाले. तरीही तो चेहरा बोटांनी मोडताना मी दिवा लावला होता.

२४ जुलै, गुरुवार

विसर्जनाची चाचणी. नेकार नदी माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि पाणी पाहिले की मनात विसर्जनच येते. पण टाकून देण्याच्या हेतूने कोणताही घन पदार्थ नदीत सोडायला जर्मनीच्या जलकायद्याने मनाई आहे. माती नैसर्गिक असली तरी नियम तोच. तेव्हा विसर्जन घरात, बादलीत.

मातीचे दोन सारखे गोळे घेतले. एक बाहेरून सुकलेला पण आतून दमट होता, दुसरा पूर्ण वाळून पांढराफट पडलेला. दोन्ही काचेच्या पेल्यांत पाण्यात सोडले. माझी अपेक्षा होती की दमट गोळा आधी विरघळेल. झाले नेमके उलटे. कोरड्या गोळ्यातून बुडबुड्यांच्या बारीक साखळ्या निघू लागल्या, कडा पापुद्र्यांसारख्या सुटून खाली बसत गेल्या आणि वीस-पंचवीस मिनिटांत पेल्याच्या तळाशी नुसता मऊ ढीग उरला. दमट गोळा दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच होता. पाणी कोरड्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते, आतली हवा बाहेर ढकलते आणि त्या रेट्याने माती सुटते. दमट मातीची छिद्रे आधीच पाण्याने भरलेली असल्यामुळे नवे पाणी आत जात नाही. म्हणजे मूर्ती २६ ऑगस्टच्या बऱ्याच आधी पूर्ण वाळलेली असणे विसर्जनासाठीही आवश्यक आहे. दुसरी मूर्ती जुलै संपायच्या आत घडवायला हवी.

२७ जुलै, रविवार

दुसरी मूर्ती झाली. या वेळी घाई केली नाही. डोळे कोरायच्या आधी चहा घेतला, हात धुतले आणि आजीला व्हिडिओवर चेहरा दाखवला. आजीने एकच सूचना केली, की डोळ्यांच्या वरच्या पापण्या थोड्या खाली घे, म्हणजे तो आपल्याकडे बघेल. टाचणीच्या टोकाने पापणी जेमतेम एक मिलिमीटर खाली आणली, आणि खरोखर तो माझ्याकडे बघू लागला. त्यानंतर मी मूर्तीला हात लावला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

मोदकांचा पहिला प्रयत्न वाया गेला. आशियाई दुकानातून आणलेली पिठी चिकट तांदळाची निघाली. उकड काढताच तिचा डिंकासारखा लगदा झाला, पारीला कळ्या पडेनात आणि वाफवल्यावर मोदक एकमेकांत विरघळून बसले. वेष्टनावरचे नाव नीट वाचायला हवे होते. दोन्ही पिठ्यांची पाकिटे शेजारी शेजारी असतात आणि दिसायला जवळपास सारखी असतात. शिवाय आईने मागे दिलेले पितळी मोदकपात्र इथल्या इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही, त्याला लोखंडी तळ लागतो. स्टीलच्या पातेल्यात चाळणी बसवून काम भागले.

लोणी कढवून तूप मात्र उत्तम झाले. बिनमिठाच्या लोण्याची अडीचशे ग्रॅमची दोन पाकिटे घेतली; बेरी खमंग तांबूस झाली आणि खोलीला घरचा वास आला.

१० ऑगस्ट, रविवार

धूर आणि आवाज, या दोन गोष्टींची तालीम केली.

झोपण्याच्या खोलीत धुराचा अलार्म असणे या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे, आणि माझी खोली एकच. कापूर पेटवताच त्याचा काळा धूर सरळ छतापर्यंत गेला, अलार्म किंचाळू लागला आणि वरच्या मजल्यावरच्या वृद्ध शेजारीणबाई धावत खाली आल्या. त्यांना मी सगळे सांगितले. त्यांनी मूर्ती बराच वेळ पाहिली आणि ही कोणत्या मातीची, असे विचारले. वेस्टरवाल्ड ऐकून त्यांना आनंद झाला, कारण त्यांचे माहेर तिकडचे. अलार्म काढून ठेवण्याचा विचार मनात आला होता, पण तो मी सोडून दिला. आगीत भाजलेल्या माणसांची शुश्रूषा मी केलेली आहे. धूप नाही, उदबत्ती एकच, आणि कापराचा अगदी लहान तुकडा उघड्या खिडकीत. निरांजनाने अलार्म वाजत नाही.

आवाजाची अडचण वेगळी निघाली. दादासोबत व्हिडिओवर आरती म्हणून पाहिली, तर त्याच्या टाळ्या माझ्याकडे उशिरा पोचतात आणि माझ्या त्याच्याकडे आणखी उशिरा. दोघेही एकमेकांसाठी थांबू लागलो आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत आरती रडतखडत गेली. शेवटी असे ठरले की आरती घरच्यांनी म्हणायची, मी माझा माइक बंद ठेवून त्यांच्या तालावर म्हणायचे. मला त्यांच्याबरोबर म्हणता येईल. त्यांना माझा आवाज ऐकू येणार नाही. आई म्हणाली, तुझे ओठ दिसतील तेवढे पुरे.

१७ ऑगस्ट, रविवार

पत्रींचा हिशोब. एकवीस पत्रींपैकी आठ जमल्या, आणि ही संख्या माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आहे. तुळस माझ्याच कुंडीत आहे. कण्हेर इथे लोक उन्हाळ्यात अंगणात मोठ्या कुंड्यांतून हौसेने ठेवतात. शेजारीणबाईंकडून दोन पाने मिळाली. डाळिंब आणि जाई एका सहकाऱ्याच्या गच्चीवर आहेत. धोत्रा रेल्वेच्या कडेला रानटी उगवतो. तो विषारी असल्यामुळे हातमोजे घालून एकच पान घेतले आणि ते वेगळ्या पुडीत ठेवले आहे. बोर आणि बेल यांची सुकी पाने दोन वर्षांपूर्वीपासून माझ्या पोथीत होती. आठवी पत्री मरवा, आणि तिचा शोध सर्वांत सोपा निघाला, कारण मरवा हा इथल्या स्वयंपाकातला रोजचा मसाला आहे आणि सुपरमार्केटमध्ये त्याची कुंडीच मिळते. साताऱ्यात मरवा आम्ही वेणीत माळतो. इथे तो सॉसेजमध्ये घालतात. पाने चुरडून हुंगली तर वास तोच.

शमी, आघाडा, रुई, केवडा, हादगा इत्यादींच्या जागी अक्षता वाहायच्या.

खिडकीतल्या दूर्वा ऊन चांगले मिळाल्यामुळे फोफावल्या आहेत, पण एकवीस जुड्या, प्रत्येकीत तीन कोंब, म्हणजे त्रेसष्ट कोंब निघणार नाहीत. आज मोजले तर तीन पानांचे कोंब एकवीस भरले. एकेक वाहीन.

२१ ऑगस्ट, गुरुवार

बाबांनी सगळी पूजा आवाजात भरून पाठवली. पन्नास मिनिटांची आहे. मंत्र म्हणता म्हणता ते मध्ये थांबतात आणि "आता गंध लाव", "आता दोन पळ्या पाणी सोड" असे सांगतात, आणि मग मला हाताने ते करायला लागेल तेवढा वेळ खरोखर गप्प राहतात. त्या शांततेत मागे घरातले घड्याळ ऐकू येते.

संकल्पावर आमची बरीच चर्चा झाली. पूजा करणारा कुठे आणि कोणत्या काळी बसला आहे हे संकल्पात सांगावे लागते, आणि आमच्या घरी गोदावरीच्या दक्षिण तीराचा उच्चार होतो. मी तो केला तर ते खरे होणार नाही. बाबांनी रात्रभर विचार करून नवे शब्द बसवून दिले: "नेकारनद्याः पूर्वे तीरे". माझे घर नदीच्या पूर्वेला आहे हे त्यांनी नकाशात स्वतः पाहून घेतले होते. पुढे शके १९४७, विश्वावसु संवत्सर, दक्षिणायन, वर्षा ऋतू, भाद्रपद शुक्ल चतुर्थी, आणि वार मात्र घरच्यासारखा सौम्यवासर (बुधवार) नाही, भौमवासर (मंगळवार). माझ्या पत्त्याचा उच्चार मी इथल्या कार्यालयांत किती वेळा केला असेल, परंतु बाबांच्या तोंडून या नदीचे नाव संस्कृत विभक्तीत ऐकले तेव्हा मी इथे राहते ही गोष्ट मला पहिल्यांदा खरी वाटली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

रात्री साडेनऊ. आजचे आजच लिहिते.

सकाळी सहाला उठले. हरितालिकेचा उपवास आज इथेही होता, कारण सूर्योदयाला तृतीया होती आणि ती १० वाजून २४ मिनिटांपर्यंत टिकली. एकाच दिवशी सकाळी हरितालिका आणि दुपारी गणपती, असा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला. यातली अडचण कालच लक्षात आली होती: नैवेद्याला मोदक करायचे आणि उपवास म्हणून आज ते खायचे नाहीत. आईने सांगितले, नैवेद्य दाखव, लोकांना दे, तुझा मोदक उद्या सकाळी पारण्याला.

बारा वाजून वीस मिनिटांनी संकल्प सोडला. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी उजव्या हाताच्या बोटाने मूर्तीच्या हृदयाला स्पर्श करायचा असतो. महिनाभर वाळलेली माती. मला ती गार लागेल असे वाटले होते, पण ऑगस्टची ऊब खोलीत असल्यामुळे ती हाताइतकीच उबदार होती. त्या क्षणी बाबांचा आवाज थांबलेला होता आणि घड्याळ चालू होते.

कोरड्या मातीला पाणी लागले तर ती विरघळेल, म्हणून अभिषेक दूर्वेच्या टोकाने फक्त शिंपडून केला. एकवीस दूर्वा, आठ पत्री, बाकीच्यांच्या जागी अक्षता. अकरा मोदक केले होते. कळ्या पाच-सहाच पडल्या, पण एकही फुटला नाही. पाच मोदक शेजारीणबाईंना दिले, आणि संध्याकाळी माझी केरळची सहकारी पाळी संपवून घरी आवरून आली तेव्हा पाच तिच्यासोबत दिले. ती मूर्तीसमोर बराच वेळ बसली. जाताना म्हणाली की पुढच्या ईदला तिला सुट्टी मिळाली तर मी तिच्याकडे यावे.

आज चंद्र पाहायचा नाही. तीन दिवसांची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला खालीच असते, आणि माझी खिडकी नेमकी पश्चिमेची. म्हणून आठ वाजताच पडदा ओढून घेतला.

२७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी सव्वाआठला घरून फोन आला, तिथे पावणेबारा. दादाने फोन समईशेजारी उभा केला होता, त्यामुळे मला पेणच्या शाडूची घरची मूर्ती, आजीची खुर्ची आणि आईचा अर्धा चेहरा दिसत होता. मी माझा फोन असा ठेवला की त्यांना माझी मूर्ती दिसावी. आजीने डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, "बघतोय की."

आरती ठरल्याप्रमाणे झाली. माझा माइक बंद, त्यांचा ताल. मध्येच चित्र गोठले, आई हात जोडलेल्या अवस्थेत थांबून राहिली आणि आवाज तेवढा चालू राहिला. मी डोळे मिटून म्हणत राहिले. डोळे उघडले तेव्हा चित्र परत आले होते आणि आई पदराने डोळे टिपत होती. ती केव्हा रडू लागली ते मला दिसले नव्हते. नंतर तिने विचारले, मोदक खाल्लास का? कालचा ठेवलेला एक मोदक मी तिच्यासमोर गरम करून तूप घालून खाल्ला, आणि तो संपेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.

अकरा वाजता उत्तरपूजा केली. दहीभाताचा नैवेद्य दाखवला, मूर्ती जागेवरून किंचित हलवली आणि बादलीत तीनदा बुडवून सोडली. मोठ्या मूर्तीला वेळ लागेल असे धरून मी जवळच बसले होते. प्रथम कानांच्या कडा सुटल्या, मग हात. बुडबुडे वर येत होते आणि पाणी दुधासारखे होत होते. डोळ्यांच्या त्या पापण्या शेवटपर्यंत दिसत राहिल्या आणि मग चेहरा पुढच्या बाजूने अलगद मिटला. पाऊण तास लागला. बारा वाजून चौदा मिनिटांनी चतुर्थी संपली तेव्हा तळाशी मऊ ढीग होता आणि वर जास्वंदाचे एक फूल तरंगत होते.

दीडच्या पाळीला वेळेवर पोचले.

७ सप्टेंबर, रविवार

हिशोब आणि पुढची तयारी. बादलीतले पाणी दोन दिवसांनी नितळ झाले. ते तुळशीला आणि दूर्वांच्या कुंडीला घातले. गाळ मोरीत ओतायचा नाही, नळी तुंबते. तो सुती कापडात बांधून टांगला, आणि निथळल्यावर त्यातला मूठभर आईच्या सांगण्याप्रमाणे तुळशीच्या मुळाशी घालून बाकीचा डब्यात ठेवला. ठोकळ्यातली न वापरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळली आहे. दर महिन्याला फडके भिजवायचे. दूर्वांची कुंडी थंडीत आत घ्यायची. साध्या तांदळाच्या पिठीच्या पाकिटाचा फोटो या वहीत चिकटवला आहे.

२०२६ ची तिथीही काढली. भारतीय वेळेनुसार चतुर्थी १४ सप्टेंबरला सकाळी ७ वाजून ६ मिनिटांनी लागते आणि १५ ला सकाळी ७ वाजून ४४ मिनिटांनी संपते. इथे ती १४ च्या पहाटे ३ वाजून ३६ मिनिटांनी लागते. दोन्हीकडे मध्यान्हकाळी चतुर्थी १४ तारखेलाच आहे, सोमवारी. बाबांना आकडे पाठवले. त्यांचे उत्तर आले: "पडताळले. एकच दिवस."

रजेचा अर्ज आजच भरला. १० ते २१ सप्टेंबर २०२६. "कारण" या रकान्यात "सातारा" लिहिले आहे. अर्ज मंजूर झाला नाही तर माती तयार आहे.